फौंड्रीतल्या डब्यासाठी स्वतःचं लिनक्स: बिल्डरूटची पहिली ओळख

कोल्हापूरभोवतीच्या औद्योगिक वसाहती: शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत, उद्यमनगर. इथल्या बऱ्याच पॅनलांमध्ये आता पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, शेजारी हातावर मावेल असा एक लिनक्स बोर्ड दिसतो. कुठे तो इंडक्शन फर्नेसच्या मीटरचं रीडिंग घेतो, कुठे सीएनसीवरचे जॉब मोजतो, कुठे शीतगृहाचं तापमान लिहून ठेवतो. असे बोर्ड बसवलेले डबे बनवणारे बहुतेक जण नुकतेच इंजिनिअरिंग संपवून बाहेर पडलेले किंवा दोघा-तिघांनी मिळून छोटी फर्म काढलेले असतात. त्यांची पद्धतही साधारण एकच असते. रास्पबेरी पायची तयार ओएस कार्डावर घ्यायची, हवं ते ॲप्टने, म्हणजे त्या ओएसच्या पॅकेज टाकणाऱ्या आज्ञेने, इन्स्टॉल करायचं, स्क्रिप्ट टाकायची, नीट चाललं की त्या कार्डाला ‘मास्टर’ म्हणायचं आणि पुढच्या प्रत्येक ऑर्डरला त्याची नक्कल मारायची.

ही पद्धत कुठे फसते हे उद्यमनगरात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. धातू थिजताना आकसतो म्हणून पॅटर्नमेकर पॅटर्नचं माप थोडं वाढवून धरतो. पॅटर्न बाजूला ठेवून जुन्या कास्टिंगवरूनच साचा घेतला, तर नवा नग लहान निघतो आणि त्याच्यावरून घेतलेला आणखी लहान. कार्डाची नक्कल म्हणजे कास्टिंगवरून घेतलेलं कास्टिंग. तिच्यात जुने लॉग येतात. सगळ्या डब्यांत एकच एसएसएच की, म्हणजे दुरून लॉगिन करताना डब्याची ओळख पटवणारी किल्ली, जाते. साइटवर घाईत हाताने केलेले बदल येतात, आणि ते कुणीच कुठे लिहून ठेवलेले नसतात. वर्षभराने बोर्डाची नवी आवृत्ती बाजारात येते, तिला नवं फर्मवेअर लागतं, आणि जुनं कार्ड तिच्यावर बूटच होत नाही. तेव्हा हेच सगळं दुसऱ्यांदा कसं उभं करायचं, हे सांगणारा कागद कुणाजवळच नसतो.

छोट्या बोर्डासाठी लिनक्स सोर्सपासून बांधून देणारं बिल्डरूट तो कागद देतं. कोणतं कर्नल (लिनक्सचा गाभा), कोणती लायब्ररी, कोणती सेटिंग हे सगळं काही मजकूर-फायलींत लिहिलेलं राहतं. एक आज्ञा दिली की मूळ सोर्स उतरवण्यापासून कार्डावर लिहायची इमेज तयार होईपर्यंत सारं काम ते करतं.

बिल्डरूट की योक्टो

बिल्डरूट २००१ च्या सुमारास यूसीलिबसी या छोट्या सी लायब्ररीच्या लोकांनी तिची चाचणी घेण्यासाठी सुरू केलं. २००९ पासून त्याची आवृत्ती दर तीन महिन्यांनी येते: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. आवृत्तीचं नाव वर्ष आणि महिना मिळून होतं, उदाहरणार्थ २०२४.०२. फेब्रुवारीच्या आवृत्तीला सुरक्षा-दुरुस्त्या जास्त काळ मिळतात, म्हणून ग्राहकाकडे जाणाऱ्या डब्यासाठी नेहमी शेवटी ०२ असलेली आवृत्ती घ्या. परवाना जीपीएल २ आहे. आत अडीच हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. सगळी यंत्रणा मेक (बांधकामाच्या आज्ञा चालवणारं साधन) आणि केकॉन्फिग (पर्याय निवडायचा मेन्यू) यांवर उभी आहे, म्हणजे लिनक्स कर्नलचा निळा मेन्यू ज्याने पाहिला आहे त्याला यातलं निम्मं ओळखीचं वाटेल.

याच कामाचा दुसरा पर्याय म्हणजे योक्टो. योक्टो प्रोजेक्ट लिनक्स फाउंडेशनने २०१० मध्ये जाहीर केला. त्याचा आवाका मोठा आहे: बिटबेक हे बांधणारं साधन, प्रत्येक पॅकेजची रेसिपी, रेसिपींचे गठ्ठे म्हणजे लेअर, शिवाय डब्यावर वेगळी पॅकेजेस टाकण्याची सोय. चिप कंपनी बोर्डाचा आधार फक्त योक्टोच्या लेअरमध्ये देत असेल, किंवा एकाच पायावर दहा वेगवेगळी उत्पादनं चालवायची असतील, तर तिकडे जावंच लागतं. पण एक बोर्ड, एक काम आणि दोन माणसं एवढाच पसारा असेल तर माझं मत ठाम आहे: बिल्डरूटपासून सुरुवात करा. त्याचं पानभर कॉन्फिग एका बैठकीत वाचून समजतं, आणि इथे शिकलेलं क्रॉस-कंपायलर (लॅपटॉपवर बसून बोर्डासाठी कोड बांधणारा), रूट फाइलसिस्टिम (डब्यावरच्या सगळ्या फायली) आणि डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय जोडलं आहे याचं कर्नलसाठीचं वर्णन) यांचं ज्ञान पुढे योक्टोतही वापरात येतं.

मशीनची तयारी

उबुंटू किंवा डेबियन असलेला लॅपटॉप, आठ जीबी रॅम आणि वीस जीबी मोकळी जागा सुरुवातीला पुरे. ‘बिल्ड-इसेन्शियल’, ‘आरसिंक’, ‘बीसी’, ‘सीपीआयओ’, ‘अनझिप’, ‘फाइल’, ‘विगेट’, ‘गिट’ आणि मेन्यूसाठी एनकर्सेसचं डेव्हलपमेंट पॅकेज एवढं आधी टाकून घ्या. या लेखात आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल वापरणाऱ्यांची गाडी पहिल्याच मिनिटाला अडते. विंडोजचा ‘पाथ’ डब्ल्यूएसएलमध्ये झिरपतो, त्यात ‘प्रोग्राम फाइल्स’सारखी मधे जागा असलेली नावं असतात, आणि पाथमध्ये मोकळी जागा दिसली की बिल्डरूट सरळ थांबतं. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिगमध्ये विंडोजचा पाथ जोडणं बंद करा. फोल्डरही लिनक्सच्या होममध्येच ठेवा, सी ड्राइव्हवर नको. तिथे बिल्ड रांगतं, आणि स्मॉल-कॅपिटल अक्षरांतल्या नावांचा फरक तो ड्राइव्ह एरवी करत नसल्याने नको तिथे घोळ होतो.

दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या. बिल्ड कधीही रूट म्हणून चालवू नका. साध्या युजरने चालवलं तर एखाद्या चुकीच्या स्क्रिप्टने तुमचा लॅपटॉप बिघडत नाही. आणि ‘मेक’ला स्वतःहून ‘-जे८’ वगैरे देऊ नका. किती कोअर वापरायचे ते बिल्डरूट आपणच ठरवतं.

पहिली इमेज, बोर्डाशिवाय

बोर्ड विकत घ्यायच्या आधी क्यूएमू या एम्युलेटरवर एकदा पूर्ण फेरी मारा. बिल्डरूटची ०२ वाली आवृत्ती उतरवा, फोल्डरमध्ये जा आणि ‘मेक लिस्ट-डेफकॉन्फिग्ज’ चालवा. तयार कॉन्फिगची लांब यादी दिसेल. त्यातलं ‘क्यूएमू_एआर्च६४_व्हर्ट_डेफकॉन्फिग’ निवडा, म्हणजे ‘मेक’पुढे तेच नाव लिहा. मग नुसतं ‘मेक’.

आता वेळ लागेल. चार कोअरच्या लॅपटॉपवर पहिल्या बिल्डला तास-दीड तास जाऊ शकतो, कारण बिल्डरूट आधी कंपायलर बांधतं, त्या कंपायलरने बाकी सगळं बांधतं, आणि क्यूएमूही स्वतःच बांधून घेतं. पावसाळ्यात मधेच लाइट गेली आणि लॅपटॉप बंद पडला तरी घाबरायचं कारण नाही. पुन्हा ‘मेक’ दिलं की पूर्ण झालेली पॅकेजेस सोडून ते पुढे जातं. अर्धवट राहिलेलं एखादं पॅकेज अडून बसलं तर त्याच्या नावाला ‘-डर्क्लीन’ जोडून तेवढंच पुसा आणि पुन्हा चालवा.

संपल्यावर ‘आउटपुट/इमेजेस’मधली ‘स्टार्ट-क्यूएमू.एसएच’ चालवा. काही सेकंदांत ‘बिल्डरूट लॉगिन’ दिसेल. नाव ‘रूट’, पासवर्ड नाही. आत ‘एलएस’, ‘पीएस’, ‘व्हीआय’ सगळं आहे, आणि हे सगळं बिझीबॉक्स नावाच्या एकाच छोट्या प्रोग्रॅममधून येतं. बाहेर पडायला कंट्रोल-ए दाबून सोडा, मग एक्स.

आउटपुट फोल्डर वाचायला शिका

घाई न करता ‘आउटपुट’ उघडून बसा. नव्या माणसाच्या निम्म्या शंका इथेच मिटतात. ‘बिल्ड’मध्ये प्रत्येक पॅकेजचा सोर्स उलगडलेला असतो. ‘होस्ट’मध्ये तुमच्या लॅपटॉपवर चालणारी हत्यारं असतात, क्रॉस-कंपायलर त्यातच. ‘टार्गेट’मध्ये डब्यावर जाणाऱ्या फायली, आणि ‘इमेजेस’मध्ये अंतिम माल.

‘टार्गेट’ बघून ते तसंच कार्डावर कॉपी करायचा मोह होतो. तिथे ‘हे तुमचं रूट फाइलसिस्टिम नाही’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाची एक फाइल मुद्दाम ठेवलेली असते. बिल्ड साध्या युजरने चालतं, त्यामुळे ‘टार्गेट’मध्ये फायलींचे मालक आणि परवानग्या बरोबर नसतात; त्या इमेज तयार होताना लावल्या जातात. कार्डावर जायचं ते नेहमी ‘इमेजेस’मधूनच.

खरा बोर्ड

आपण रास्पबेरी पाय ३ धरू. इथे तो सहज मिळतो, बीगलबोन ब्लॅक घेतला तरी पायऱ्या त्याच. आधीचं क्यूएमूचं काम न मोडता ‘मेक ओ=’ असं लिहून वेगळ्या आउटपुट फोल्डरचं नाव द्या आणि पुढे ‘रास्पबेरीपाय३_६४_डेफकॉन्फिग’. बिल्ड झालं की त्या नव्या फोल्डरच्या ‘इमेजेस’मध्ये ‘एसडीकार्ड.आयएमजी’ मिळेल. ‘डीडी’ने कार्डावर लिहिण्याआधी ‘एलएसबीएलके’ चालवून कार्डाचं डिव्हाइस नाव दोनदा वाचा. ‘डीडी’ काही विचारत नाही; चुकीचं नाव दिलं तर लॅपटॉपची डिस्क पुसली जाते.

बोर्डाला मॉनिटर लावण्यापेक्षा सीरियल कन्सोल लावा. यूएसबी-टीटीएलची वायर स्वस्त असते, आणि कर्नल कुठे अडलं हे तीच सांगते. पायच्या हेडरवर सहा नंबरची पिन ग्राउंड, आठ ट्रान्समिट, दहा रिसीव्ह. वायरचं ट्रान्समिट बोर्डाच्या रिसीव्हला जोडायचं. सिग्नल ३.३ व्होल्टचाच हवा, पाच व्होल्टने पिन जळते. वेग ११५२००.

मेन्यूत काय बदलायचं

उदाहरण म्हणून फर्नेसच्या पॅनलमधला आरएस-४८५ (दोन तारांची सीरियल जोडणी) वाला एनर्जी मीटर मॉडबसने, म्हणजे मीटरशी बोलायच्या ठरलेल्या भाषेने, वाचून आकडे नेटवर्कवर एमक्यूटीटी या हलक्या संदेश-पद्धतीने पाठवायचे आहेत असं समजू. ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ उघडा. शोधायला तिरकी रेघ दाबा आणि नाव टाका. मेन्यूत कुठे आहे ते सापडतं. मॉडबससाठी ‘लिबमॉडबस’, एमक्यूटीटीसाठी ‘मॉस्किटो’ आणि दुरून लॉगिनसाठी ‘ड्रॉपबेअर’ निवडा. ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये डब्याचं नाव आणि रूटचा पासवर्ड द्या. पासवर्ड रिकामा असेल तर ड्रॉपबेअर आत घेत नाही.

एखादं पॅकेज यादीत निवडताच येत नसेल तर त्याच्या जागी लिहिलेली ओळ वाचा. ‘याला सी++ असलेलं टूलचेन लागतं’ अशा अर्थाचं काहीतरी तिथे असतं. टूलचेनच्या (कंपायलर आणि त्याच्या सोबतच्या हत्यारांच्या) पानावर जाऊन ती सोय चालू करा. त्याच पानावर बाहेरचं, म्हणजे आधीच बांधलेलं टूलचेन घेता येतं. बूटलिन या कंपनीची तयार टूलचेन्स तिथल्या यादीतच आहेत. शिकताना तेच घ्या, कंपायलर बांधायचा वेळ वाचतो.

यूएसबी-४८५ कन्व्हर्टर लावल्यावर ‘/डेव्ह’मध्ये काहीच दिसत नाही, ही नव्यांची सर्वांत नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा ड्रायव्हर कर्नलमध्ये मॉड्यूल म्हणून असतो, पण तो आपोआप चढवणारं कुणी नसतं. ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये ‘/डेव्ह’ सांभाळायची पद्धत नुसत्या ‘डेव्हटीएमपीएफएस’वरून ‘एमडेव्ह’सह असलेल्या पर्यायावर न्या. ड्रायव्हर कर्नलमध्येच नसेल तर ‘मेक लिनक्स-मेन्यूकॉन्फिग’ने कन्व्हर्टरच्या चिपप्रमाणे सीएच३४१ किंवा एफटीडीआयचा ड्रायव्हर चालू करा. इथे एक खड्डा आहे. या मेन्यूतला बदल ‘आउटपुट’च्या आत राहतो आणि ‘मेक क्लीन’ केलं की जातो. म्हणून तेवढ्या दोन-तीन ओळी एका छोट्या फ्रॅगमेंट फाइलमध्ये लिहा आणि बिल्डरूटच्या कर्नल पानावर तिचा पत्ता द्या.

मीटरकडून आकडे विचित्र येत असतील तर बिल्डरूटला दोष देण्याआधी ए-बी वायर, बॉड रेट आणि पॅरिटी तपासा. लांब केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर आहे का पाहा. बरेच मीटर एक दशांश संख्या दोन रजिस्टरांत ठेवतात, आणि आधी कुठला अर्धा येतो हे कंपनीगणिक बदलतं.

आपलं काम बिल्डरूटच्या बाहेर ठेवा

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नवीन माणूस आपली स्क्रिप्ट आणि कॉन्फिग बिल्डरूटच्या फोल्डरमध्येच टाकतो, आणि सहा महिन्यांनी आवृत्ती बदलायची म्हटलं की आपलं कुठलं आणि त्यांचं कुठलं हे वेगळं करता येत नाही. यावर ‘बीआर२_एक्स्टर्नल’ हा उपाय आहे. शेजारी वेगळा फोल्डर करा, समजा ‘भट्टी-मीटर’, आणि तोच गिटमध्ये ठेवा.

त्यात तीन फायली हव्यात: ‘एक्स्टर्नल.डेस्क’, ‘एक्स्टर्नल.एमके’ आणि ‘कॉन्फिग.इन’. पहिलीत ‘नेम:’पुढे एक छोटं नाव लिहायचं, समजा ‘भट्टी’. उरलेल्या दोन सुरुवातीला रिकाम्या चालतील. त्याच फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग्ज’, ‘बोर्ड’ आणि ‘पॅकेज’ हे उपफोल्डर करा. पहिल्यांदा ‘मेक’ देताना ‘बीआर२_एक्स्टर्नल=’पुढे या फोल्डरचा पत्ता द्या; पुढच्या वेळी बिल्डरूटला तो लक्षात राहतो. मेन्यूत केलेले बदल ‘मेक सेव्हडेफकॉन्फिग’ने ‘कॉन्फिग्ज’मध्ये जपा. कुठे जपायचं तो पत्ता ‘बीआर२_डेफकॉन्फिग’मध्ये द्यायचा. मूळ ‘.कॉन्फिग’ ‘आउटपुट’ पुसलं की जातं. ही जपलेली फाइल फक्त बदललेल्या गोष्टी ठेवते, त्यामुळे छोटी असते आणि गिटमध्ये फरक लगेच वाचता येतो.

नुसत्या फायली द्यायच्या असतील, जसं नेटवर्कची सेटिंग किंवा मॉस्किटोचं कॉन्फिग, तर ‘ओव्हरले’ पुरतो. ‘बोर्ड’खाली एक फोल्डर करा, त्यात डब्यावर हवी तशी ‘/इटीसी’ची रचना करा आणि मेन्यूत ‘रूट फाइलसिस्टिम ओव्हरले’मध्ये पत्ता द्या. शेवटी तो सगळ्यावर पसरला जातो. चालू होताना तुमचा प्रोग्रॅम सुरू व्हायला ‘/इटीसी/इनिट.डी’मध्ये ‘एस९९’ने सुरू होणाऱ्या नावाची स्क्रिप्ट टाका, आणि तिला चालवायची परवानगी द्यायला विसरू नका.

सी मध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमसाठी मात्र रीतसर पॅकेज करा. ‘पॅकेज/भट्टी-वाचक’ या फोल्डरात ‘कॉन्फिग.इन’ आणि ‘भट्टी-वाचक.एमके’ हव्यात. फोल्डरचं नाव, एमके फाइलचं नाव आणि आतल्या व्हेरिएबलची सुरुवात ही तिन्ही एकाच नावाची असावी लागतात, फक्त व्हेरिएबलमध्ये कॅपिटल अक्षरं येतात आणि आडव्या रेघेऐवजी अंडरस्कोर. तिन्ही जुळली नाहीत तर पॅकेज बांधलं जात नाही आणि कारणही चटकन सापडत नाही. सोर्स लॅपटॉपवरच असेल तर ‘साइट_मेथड’ला ‘लोकल’ लिहा. लिबमॉडबस लागत असेल तर ‘डिपेंडन्सीज’मध्ये नाव द्या, म्हणजे ते आधी बांधलं जाईल. सीमेक वापरला असेल तर शेवटच्या ओळीत ‘सीमेक-पॅकेज’ म्हटलं की बाकीच्या आज्ञा लिहाव्याच लागत नाहीत. तुमची ‘कॉन्फिग.इन’ वरच्या ‘कॉन्फिग.इन’मधून जोडा, आणि पॅकेजेसच्या एमके फायली ओढून घेणारी एक ओळ ‘एक्स्टर्नल.एमके’मध्ये लिहा, नाहीतर तुमचं पॅकेज मेन्यूत दिसणार नाही किंवा बांधलं जाणार नाही.

कोड बदलला की ‘मेक भट्टी-वाचक-रीबिल्ड’ आणि मग ‘मेक’. नुसतं ‘मेक’ दिलं तर बदललेला कोड इमेजमध्ये जात नाही.

पुन्हा पहिल्यापासून कधी बांधायचं

पॅकेज नव्याने निवडलं तर साधं ‘मेक’ बहुधा पुरतं. पण निवडलेलं पॅकेज काढून टाकलं तरी त्याच्या फायली ‘टार्गेट’मध्ये तशाच राहतात. टूलचेन किंवा प्रोसेसर बदलला तर जुनं-नवं एकत्र होतं. या दोन्ही वेळी ‘मेक क्लीन’ आणि मग ‘मेक’. ग्राहकाकडे जाणारी इमेजही नेहमी क्लीन करूनच बांधा. डाउनलोडचा फोल्डर बिल्डरूटबाहेर ठेवा आणि आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारं ‘सीकॅश’ चालू करा, म्हणजे दर वेळी इंटरनेट लागणार नाही आणि दुसरं बिल्ड बरंच लवकर होईल. बांधकाम कुठे रेंगाळतं हे बघायचं असेल तर ‘मेक ग्राफ-बिल्ड’, आणि इमेज कशाने फुगली हे बघायला ‘मेक ग्राफ-साइझ’.

लाइट जाणार आहे, हे धरूनच बांधा

शॉप फ्लोअरवर डबा कुणी ‘शटडाउन’ करत नाही. मेन स्विच पडतो आणि विषय संपतो. कार्डावर त्याच क्षणी लिहिणं चालू असेल तर फाइलसिस्टिम मोडू शकते. म्हणून रूट फक्त वाचण्यासाठी ठेवा: ‘स्क्वॉशएफएस’ निवडा, किंवा ‘इएक्सटी४’ ठेवून ‘बूटवेळी रूट लिहिण्याजोगं करा’ या अर्थाचा पर्याय बंद करा. बिल्डरूटच्या नेहमीच्या सांगाड्यात लॉग ‘/टीएमपी’त, म्हणजे रॅममध्येच जातात. टिकवायचे आकडे वेगळ्या डेटा पार्टिशनवर लिहा. हे पार्टिशन कार्डाची इमेज जुळवणाऱ्या ‘जेनइमेज’च्या कॉन्फिगमध्ये वाढवावं लागतं, म्हणून पायसाठीची मूळ फाइल आपल्या ‘बोर्ड’ फोल्डरात आणून बदला.

रूट असं केल्यावर ड्रॉपबेअरची की रॅममध्ये तयार होते आणि दर बूटला बदलते, त्यामुळे लॅपटॉप प्रत्येक वेळी ‘की बदलली’ म्हणून ओरडतो. ‘/इटीसी/ड्रॉपबेअर’ची लिंक ओव्हरलेमधून डेटा पार्टिशनकडे वळवा. प्रत्येक डब्याला स्वतःची की राहील आणि तीच टिकेल.

घड्याळाचंही बघा. पाय ३ वर बॅटरीचं घड्याळ नाही. कारखान्यात इंटरनेट नसेल तर लाइट आल्यावर डब्याची वेळ मागेच कुठेतरी, बहुधा १९७० मध्ये असते, आणि त्या वेळेचे आकडे निरुपयोगी ठरतात. डीएस३२३१ या बॅटरीवाल्या घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावा, कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर आणि डिव्हाइस ट्री ओव्हरले द्या.

डब्यावर ॲप्ट नसल्याने साइटवर जाऊन एखादंच पॅकेज बदलणं इथे जमत नाही, पूर्ण इमेजच बदलायची असते. सुरुवातीला नवं कार्ड पाठवलं तरी चालेल. डब्यांची संख्या वाढली की ‘आरएयूसी’ किंवा ‘एसडब्ल्यूअपडेट’ ही इमेज बदलायची साधनं बघा. दोन्ही बिल्डरूटमध्ये आहेत, आणि रूटची दोन पार्टिशनं ठेवून एकावर चालत असताना दुसऱ्यावर नवी इमेज लिहिता येते.

ऑर्डर बाहेर पाठवण्याआधी

पोस्ट-बिल्ड स्क्रिप्टमध्ये ‘भट्टी-मीटर’च्या गिटचा टॅग आणि बिल्डरूटची आवृत्ती ‘/इटीसी’तल्या एका फाइलमध्ये लिहा. तोच टॅग डब्याच्या झाकणावर स्टिकर करून लावा. हुपरी किंवा कागलहून फोन आला की आधी तो विचारायचा, लॅपटॉपवर तेवढा टॅग उघडायचा आणि तीच इमेज बांधून बिघाड समोर बघायचा.

शेवटचं काम ‘मेक लीगल-इन्फो’. लिनक्स कर्नल आणि बिझीबॉक्स जीपीएल २ खाली आहेत; डबा विकला की त्यांचा सोर्स घेणाऱ्याला उपलब्ध करून द्यायची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. ही आज्ञा प्रत्येक पॅकेजचा परवाना, सोर्स आणि त्यांची यादी ‘लीगल-इन्फो’ फोल्डरात गोळा करते. तुमचा स्वतःचा प्रोग्रॅम खासगी ठेवायचा असेल तर त्याच्या एमके फाइलमध्ये ‘लायसन्स’ला ‘प्रोप्रायटरी’ आणि ‘रीडिस्ट्रिब्यूट’ला ‘नो’ लिहा, म्हणजे त्याचा सोर्स त्या गोळाबेरजेत जाणार नाही. फोल्डर झिप करून त्याच टॅगच्या नावाने जपून ठेवा, आणि इनव्हॉइसवरही तोच टॅग टाका.